केस पेपरवरचं निदान सिस्टममध्ये उतरवताना: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात आमच्या रेकॉर्ड डिपार्टमेंटला दोन नवीन पोरी लागल्या, एक अमळनेरची, एक शहाद्याची, दोघी हुशार, टायपिंग फास्ट, आणि पहिल्याच दिवशी एका केस पेपरवर दोघी अडल्या. डॉक्टरांनी एकाच ओळीत लिहिलं होतं: के/सी/ओ डीएम, एच/ओ एमआय २०१९, ताप ४ दिवस, एन्टरिकपुढे प्रश्नचिन्ह, आर/ओ डेंग्यू. "ताई, डायग्नोसिसच्या रकान्यात ह्यातलं काय टाकायचं?" एकीचं म्हणणं सगळं टाकू, दुसरीचं म्हणणं ताप तेवढा टाकू. मी दोघींना बाजूला बसवून ती एक ओळ फोडून दाखवली, त्यात अख्खी दुपार गेली, पण नंतर त्यांना परत विचारावं लागलं नाही. तेच इथे लिहितेय, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुठेही ह्या कामाला नव्याने बसलेल्याला उपयोगी पडेल.

आधी हे का करायचं ते दोन शब्दांत सांगते. आपल्या देशात इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्डची मानकं २०१३ ला आली आणि २०१६ ला सुधारली, त्यात आजारांच्या शब्दांसाठी स्नोमेड सीटी नावाचा कोश आणि वर्गीकरणासाठी आयसीडी-१० ही कोडची यादी धरलीय. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, आभा नंबर, म्हणजे पेशंटचा हेल्थ आयडी, आला १४ आकडी, आणि त्यात रेकॉर्ड इकडून तिकडे जातं ते फायर नावाच्या मानकाच्या आर४ व्हर्जनमध्ये. म्हणजे तुम्ही धडगावला टाकलेलं निदान उद्या नाशिकच्या किंवा सुरतच्या डॉक्टरच्या स्क्रीनवर दिसू शकतं. तिथे तुम्ही समजवायला नसणार आणि कागदही नसणार, तुम्ही टाकलेलं तेवढंच असणार.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं. निदान म्हणजे नुसतं आजाराचं नाव नाही. कोणीतरी, कधीतरी, काहीतरी बघून, कितीतरी खात्रीने म्हटलेली ती गोष्ट असते. नाव आलं पण खात्री सुटली, तर जे म्हटलंच नव्हतं ते रेकॉर्डला जातं. फायरमध्ये ह्यासाठी जो डबा आहे त्याला कंडिशन म्हणतात, आणि त्यात नाव, खात्री, चालू की बंद, कधीपासून, कोणी सांगितलं ह्या सगळ्याला वेगळी जागा दिलेली आहे. कोड शोधणं सगळ्यात शेवटी, आणि नवीन माणूस नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

पायरी १: ओळ फोडा

डॉक्टरांचे शॉर्ट फॉर्म पाठ करा, ह्याला पर्याय नाही. सी/ओ म्हणजे पेशंटची तक्रार. के/सी/ओ म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. एच/ओ म्हणजे पूर्वी झालेलं. एफ/एच/ओ म्हणजे घरातल्या कोणाला तरी आहे, ह्याला नाही! नावापुढे प्रश्नचिन्ह म्हणजे शंका. आणि सगळ्यात फसवा आर/ओ. कोणी लिहितं तेव्हा अर्थ असतो 'हे आहे का नाही ते तपासायचंय', आणि कोणी तेच लिहितं तेव्हा अर्थ असतो 'तपासलं, हे नाहीये'. दोन्ही एकाच अक्षरांत. आधी तारीख बघा, रिपोर्ट आधीचा की नंतरचा ते बघा, आणि तरी कळलं नाही तर उठून जाऊन डॉक्टरांना विचारा. लाजू नका, विचारणाऱ्यावर कोणी चिडत नाही, आणि चिडलं तरी चालेल.

आता आपली ओळ. त्यात पाच गोष्टी निघाल्या: चालू असलेला मधुमेह (डीएम), २०१९ ला होऊन गेलेला हार्ट अटॅक (एमआय), आजची तक्रार ताप, टायफॉईडची (एन्टरिक) शंका, डेंग्यू तपासायचाय. पाचही एकाच रकान्यात सारख्या टाकल्या तर त्या माणसाला टायफॉईड आणि डेंग्यू दोन्ही झालेत असं रेकॉर्डला लागलं, आणि वरून हार्ट अटॅकही आजच आलाय.

पायरी २: हे निदान आहे का, ते आधी ठरवा

शुगर २४० आली, ही तपासणी झाली, निदान नाही, हिची जागा ऑब्झर्व्हेशन नावाच्या तपासण्यांच्या डब्यात. बीपी एकदा १५०/९० आलं म्हणजे लगेच हायपरटेन्शन लिहायचं नाही, माणूस बस पकडायला पळत आलेला असेल, डॉक्टरांनी म्हटलं तरच ते निदान. आईला शुगर आहे हे फॅमिली हिस्टरीत. पेनिसिलीन सोसत नाही हे अ‍ॅलर्जीच्या वेगळ्या डब्यात. अपेंडिक्स काढलं हे प्रोसिजर. तक्रारीचं मात्र नीट समजून घ्या, कारण ताप, खोकला, छातीत दुखणं ही लक्षणं असली तरी डिजिटल मिशनच्या ओपीडी रेकॉर्डमध्ये मुख्य तक्रार कंडिशन म्हणूनच जाते, फक्त ती तक्रारीच्या सेक्शनमध्ये असते. म्हणून ताप टाकायचा, पण तक्रार म्हणून.

पायरी ३: खात्री किती

ह्या फील्डला व्हेरिफिकेशन स्टेटस म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या फॉर्ममध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, तरी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप 'कन्फर्म्ड' वर सेट असतं आणि कोणी हातच लावत नाही. त्यात निवडायचे पर्याय असे: अनकन्फर्म्ड, प्रोव्हिजनल, डिफरेन्शियल, कन्फर्म्ड, रिफ्यूटेड, आणि एंटर्ड इन एरर. पुरावा अजून पुरेसा नाही तर अनकन्फर्म्ड. डॉक्टरांनी तात्पुरतं एक धरलंय आणि त्यावर औषध चालू केलंय तर प्रोव्हिजनल. दोन-तीन शक्यता मांडल्यात आणि त्यातली कुठली ते शोधतायत तर डिफरेन्शियल. तपासून नाही निघालं तर रिफ्यूटेड. आपल्या पेशंटला डॉक्टरांनी टायफॉईड धरून गोळ्या दिल्या होत्या म्हणून तो प्रोव्हिजनल, डेंग्यू डिफरेन्शियल, आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टरांनी 'डेंग्यू नाही' लिहिलं तेव्हा तीच नोंद उघडून रिफ्यूटेड केली. नवी नोंद करायची नाही आणि जुनी पुसायचीही नाही, कारण डेंग्यूचा विचार झाला होता आणि तो नाही निघाला ही पण माहिती आहे.

हेच सगळ्यात नीट समजतं ते सिकलसेलमध्ये, म्हणून इथे जरा थांबते.

नंदुरबारकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, घरोघरी माहीत आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट धरून, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवलेली, म्हणून आता कॅम्पच्या याद्या येतच राहतात. मी पहिल्यांदा अशी यादी एंट्री केली तेव्हा रकान्यात लिहिलेलं होतं 'सिकल पॉझिटिव्ह', आणि मी सगळ्यांना सिकलसेल आजार टाकला. काही महिन्यांनी त्यातली एक नववीतली मुलगी पाय दुखतोय म्हणून दाखवायला आली, स्क्रीनवर सिकलसेल आजार दिसला, तिला रोजची गोळी सुरू करायची का इथपर्यंत बोलणं गेलं. तिचे वडील बाकावर बसून एकच विचारत होते, पोरीचं लग्न होईल ना. मग डॉक्टर मॅडमनी मूळ कागद मागवला. मुलीचा रिपोर्ट एएस होता. ती वाहक होती, तिला आजार नव्हताच. तो बाप आठवडाभर जे घेऊन फिरला ते माझ्या एका क्लिकमुळे, हे मी विसरत नाही, आणि नवीन माणसाला हीच केस मी सगळ्यात आधी सांगते.

चूक कुठे झाली ते बघा. कॅम्पमध्ये होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. ती फक्त सांगते की रक्तात एस हिमोग्लोबिन आहे, पण वाहक की आजारी हे ती सांगूच शकत नाही, दोघांचीही पॉझिटिव्ह येते. ते कळतं नंतरच्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ह्या रक्ताच्या पुढच्या तपासण्यांनी. म्हणून सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली की ऑब्झर्व्हेशनमध्ये टाका, तारखेसकट. कंडिशन टाकायचीच असेल आणि डॉक्टरांनी तसं म्हटलं असेल तर अनकन्फर्म्ड. पुढचा रिपोर्ट एएस आला तर 'सिकलसेल ट्रेट', म्हणजे वाहक, कन्फर्म्ड. एसएस आला तर 'सिकलसेल आजार', कन्फर्म्ड. आयसीडी-१० मध्ये ट्रेट डी५७.३ आहे, आजार क्रायसिस (अचानक येणारा जोराचा त्रास) नसताना डी५७.१, क्रायसिस असताना डी५७.०. कोड इथे देवनागरीत लिहितेय, सिस्टममध्ये पहिलं अक्षर इंग्रजी टाकायचं. एका आकड्याचा फरक, आणि त्या एका आकड्यात एका घराची झोप आहे.

पायरी ४: चालू आहे की संपलं

हे क्लिनिकल स्टेटस, आणि ते खात्रीपासून वेगळं ठेवायचं. एखादा आजार शंभर टक्के झालेला असतो पण आता बरा झालेला असतो, तिथे कन्फर्म्ड पण आणि रिझॉल्व्ड पण. पर्याय आहेत अ‍ॅक्टिव्ह, रिकरन्स, रिलॅप्स, इनअ‍ॅक्टिव्ह, रेमिशन, रिझॉल्व्ड. न्यूमोनिया बरा झाला, रिझॉल्व्ड. कॅन्सर उपचाराने दबलाय पण लक्ष ठेवायचंय, रेमिशन. मधुमेहात सगळे चुकतात. शुगर नॉर्मल आली म्हणून पेशंट म्हणतो "आता नाहीये शुगर", आणि आपण रिझॉल्व्ड करून टाकतो, पण ती नॉर्मल आहे ती गोळीमुळे, आजार चालूच आहे, अ‍ॅक्टिव्हच ठेवा. डॉक्टरांनी स्वतः बदलायला सांगितलं तरच बदला. सिकलसेल आजार तर जन्मभराचा, तो कधी रिझॉल्व्ड होत नाही, क्रायसिस येतो आणि जातो, म्हणून क्रायसिसची नोंद वेगळी करायची आणि ती नोंद बंद करायची, मूळ आजार तसाच चालू.

सिस्टमचे इथे दोन-तीन नियम आहेत ते माहीत ठेवा म्हणजे एरर आली की घाबरायला होत नाही. आजार संपल्याची तारीख टाकली तर स्टेटस इनअ‍ॅक्टिव्ह, रेमिशन किंवा रिझॉल्व्डच असायला पाहिजे, अ‍ॅक्टिव्ह चालत नाही. नोंदच चुकून झाली असं एंटर्ड इन एरर टाकलं तर क्लिनिकल स्टेटस रिकामं ठेवायचं. हे आर४ चं, मार्च २०२३ ला आलेल्या आर५ मध्ये क्लिनिकल स्टेटस सक्तीचं केलंय, तर आपलं सॉफ्टवेअर कुठल्या व्हर्जनवर आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पायरी ५: कधीपासून

आपल्याकडचा पेशंट तारीख सांगत नाही, तो सण सांगतो. "आखाजीपाईन गुडघा दुखतस", म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून. "पोळ्याच्या आधीपासून खोकला." आणि रकाना मागतो दिवस-महिना-वर्ष, मग लोक काय करतात, १ जानेवारी टाकून देतात. हे करू नका, कळकळीने सांगते, कारण पुढे कोणी बघितलं तर त्याला ती खरीच तारीख वाटते. फायरमध्ये नुसतं वर्ष टाकता येतं, वर्ष आणि महिना टाकता येतो, वय टाकता येतं, आणि काहीच जमलं नाही तर सरळ शब्दांत लिहिता येतं. फक्त ह्यातलं एकच निवडायचं, दोन चालत नाहीत. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती, म्हणून त्या बाबांसाठी मी २०२५-०४ टाकलं आणि 'आखाजीपासून' हा त्यांचा शब्द नोटमध्ये ठेवला. ३० तारीख नाही टाकली, कारण बाबांना त्या सुमारास म्हणायचं होतं. वेळ टाकायचीच असेल, साप चावल्यावर किंवा अटॅकच्या केसला, तर सोबत भारतीय वेळेचा फरक +०५:३० टाकावा लागतो, नाहीतर सिस्टम घेत नाही. आणि आजार कधी सुरू झाला ती तारीख वेगळी, आपण कधी नोंदवला ती वेगळी, दोन्हींना वेगळे रकाने आहेत.

कोणी सांगितलं हेही इथेच. टाइप करणारे तुम्ही रेकॉर्डर, म्हणणारा असर्टर. रावेरहून आलेली आजी म्हणाली "माले शुगर शे", जवळ ना रिपोर्ट ना गोळ्यांचं पाकीट, तर असर्टर पेशंट आणि खात्री अनकन्फर्म्ड. तपासून डॉक्टरांनी होय म्हटलं की त्याच नोंदीत असर्टर डॉक्टर आणि कन्फर्म्ड.

पायरी ६: आता कोड

दोन कोश आहेत आणि दोघांचं काम वेगळं. स्नोमेड सीटीत साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत, डॉक्टर जे बारकाईने बोलतात ते त्यात बसतं, आणि एकाखाली एक नातं लावलेलं असतं, म्हणजे टाइप २ मधुमेह हा मधुमेहाच्या पोटात, त्यामुळे 'सगळे मधुमेहाचे पेशंट काढ' म्हटलं की पोटातले सगळे येतात. आयसीडी मोजणीसाठी, किती मेले, किती भरती झाले, इन्शुरन्सचा क्लेम. त्यात प्रत्येक आजाराला एकच खण, आणि जे कुठेच बसत नाही त्याला 'इतर' आणि 'अनिर्दिष्ट' चे खण. एकाच कंडिशनमध्ये दोन्ही कोड ठेवता येतात: टाइप २ मधुमेह स्नोमेडचा ४४०५४००६, आयसीडी-१० चा गुंतागुंत नसताना ई११.९. आणि ह्या दोघांशेजारी टेक्स्ट म्हणून एक जागा आहे, तिथे डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे ठेवा, कायम. कोड उद्या चुकीचा निघाला तर दुरुस्त करायला तेच शब्द हातात राहतात.

स्नोमेड भारतात वापरायला फुकट आहे, पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे रजिस्टर करून लायसन्स मिळतं.

कोड निवडताना डॉक्टर जेवढं बोलले तेवढ्यावरच थांबा. नुसतं 'मधुमेह' लिहिलंय तर मधुमेहाचा वरचा कोड टाका, वय ५० आहे म्हणून स्वतःच टाइप २ करू नका. आपले बोलीतले शब्द तर फारच सांभाळून. कावीळ म्हणजे डोळे पिवळे दिसणं, त्यामागे हिपॅटायटिस असेल, पित्ताचा खडा असेल, आणि सिकलसेलच्या पोरांचे डोळे तर नेहमीच पिवळट असू शकतात. म्हणून कावीळला सरळ हिपॅटायटिस करायचं नाही, आयसीडी-१० मध्ये नुसत्या काविळीला आर१७ आहे. तसंच 'ऊन लागलं'. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे दिवसाला किती जण हे सांगत येतात, त्यात कोणाला नुसता थकवा, कोणाला उलट्या, आणि एखाद्यालाच खरा उष्माघात, ज्याचा कोड टी६७.० आहे. शब्द एकच, पण कोड एक नाही. डॉक्टरांनी काय लिहिलं ते बघा.

आपल्या ओळीतल्या हार्ट अटॅकचंही इथेच सांगते. आय२१ हा ताज्या अटॅकचा कोड आहे. २०१९ ला होऊन गेलेल्यासाठी आय२५.२ आहे, जुना अटॅक. सर्चमध्ये नाव टाकलं की बऱ्याचदा आय२१ वर येतो आणि हात त्याच्यावरच पडतो. बघून टाका.

एक्सेलमधून यादी चढवणार असाल तर कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करा आणि मगच पेस्ट मारा. स्नोमेडचे काही आयडी १८ आकड्यांपर्यंत असतात, एक्सेल १५ च्या पुढचे आकडे शून्य करून टाकतं आणि काही बोलतही नाही. बरं आहे की स्नोमेडच्या आयडीतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, त्यावरून चांगलं सॉफ्टवेअर चूक पकडतं, पण सगळी सॉफ्टवेअर पकडत नाहीत. आयसीडी-११ लागू झालंय १ जानेवारी २०२२ पासून, हळूहळू तेही येणारच आहे, त्यातला तीव्र व्हायरल हिपॅटायटिसचा कोड आहे १ई५०. हा एक्सेलमध्ये टाइप केला की एक्सेलला वाटतं एकावर पन्नास शून्य, आणि आजार जाऊन तिथे संख्या बसते.

पायरी ७: कुठल्या यादीत

कॅटेगरी दोन: प्रॉब्लेम लिस्ट, म्हणजे पेशंटसोबत कायम चालणारी यादी, आणि एन्काउंटर डायग्नोसिस, म्हणजे ह्या भेटीपुरतं. मधुमेह प्रॉब्लेम लिस्टमध्ये. आजचा टायफॉईड ह्या भेटीत. सर्दी-पडसं उचलून प्रॉब्लेम लिस्टमध्ये टाकलं तर वर्षभरात ती यादी इतकी लांब होते की डॉक्टर उघडायचं सोडून देतात, आणि त्यात खाली दबलेला सिकलसेल कोणाला दिसत नाही.

डावा-उजवा विसरू नका. गुडघा, डोळा, हर्निया, किडनी, जिथे जोडी आहे तिथे बाजू टाकलीच पाहिजे.

पायरी ८: चुकलं तर

डिलीट करायचं नाही. ती नोंद कदाचित दुसरीकडे पोचलेली असते, इथून पुसली तरी तिथे राहते आणि तिथल्या माणसाला कळत नाही की ती चूक होती. एंटर्ड इन एरर टाका, नोटमध्ये काय चुकलं ते एका वाक्यात लिहा, आणि बरोबर नोंद नव्याने करा. पण रिफ्यूटेड आणि एंटर्ड इन एरर एक नाही. डॉक्टरांना शंका होती आणि ती खोटी निघाली, ते रिफ्यूटेड. तुम्ही भलत्याच पेशंटच्या फाईलमध्ये टाकलं, ते एंटर्ड इन एरर. त्या नववीतल्या मुलीच्या केसला मी सिकलसेल आजाराची नोंद एंटर्ड इन एरर केली, कारण तसं कोणी डॉक्टरांनी म्हटलंच नव्हतं, मी टाकलं होतं. मग ट्रेटची नवी नोंद केली, एचपीएलसीचा रिपोर्ट एव्हिडन्स म्हणून जोडला. आणि त्या यादीतल्या बाकीच्यांचे कागद काढायला बसले, एकेकाचा रिपोर्ट शोधून. ज्यांचा पुढचा रिपोर्ट झालाच नव्हता त्यांची नावं आशाताईंना दिली, परत बोलावून तपासायला.

त्या दोघी पोरी आता तशाच याद्या बघतात. परवा शहाद्याच्या पोरीने एक कागद आणून दाखवला, नुसतं 'सिकल प्लस' लिहिलेला, आणि म्हणाली, "ताई, ह्याचा पुढचा रिपोर्ट आल्याशिवाय मी आजार टाकणार नाही." मी म्हटलं, बाजूला ठेव, आणि आधी फोन लाव.